नुसतं बघण्यापुरतं

उघड्या दारात उभं राहून "आत येऊ का" विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला, आणि तो नेमका माझ्या नणंदेच्या पोटी जन्माला आला. जोह्यातल्या आमच्या गणपतीच्या कारखान्याला तर दारही नाही. खांब, वर पत्रे आणि बाजूने हिरवी जाळी. कोंबड्या, कुत्री, गिऱ्हाइकं, सगळी न विचारता आत येतात. हा मात्र जाळीपाशी चपला काढून उभा राहायचा. "मामी, येऊ?" मी माती मळत असले की मुद्दाम उत्तर देत नसे. तो उभाच. शेवटी रंगकामाच्या बायकांपैकी कोणीतरी म्हणायचं, "या की दादा, कोण आडवतंय तुम्हाला?" त्या बायकांनीच त्याचं नाव परवानगी ठेवलं. "परवानगी आली गो, चहात पाणी वाढव."

लहानपणीही असाच होता. मे महिन्यात आमच्याकडे यायचा. बाकीची पोरं झाडावर, आणि हा खाली पडलेला आंबा उचलू का म्हणून विचारायला घरात यायचा. तोवर दुसऱ्या कोणी तो खाऊन कोय टाकलेली असायची. माझी धाकटी जाऊ मग त्याला आपल्या ताटाशी बसवायची आणि त्याच्या हातात आंबा कोंबायची. मी म्हणायची, ह्याला कोणी सांगितल्याशिवाय भूकसुद्धा लागायची नाही. भाच्याला आमच्यात मान असतो, म्हणून तोंडावर एवढंच बोलायची. मागून जास्त बोलायची.

मोठा झाला तो फक्त उंचीने. अंगात जोर नाही, आवाजात जोर नाही. घरच्या मामीला "तुम्ही" म्हणणारा भाचाही हाच एक. अशा माणसाला पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीने इतकी वर्षं पगार कसा दिला ते मला माहीत नाही. शेवटी काढलंच. तेही त्याला कोणी सांगितलं नाही. सकाळी गेला, गळ्यातलं कार्ड दाराला लावलं, दार उघडेना. मोबाइलवर कंपनीचं काम उघडायला गेला, तर नाव, पासवर्ड सगळं बरोबर असून आत घेईना. काचेतून बरोबरची माणसं डबे घेऊन जाताना दिसत होती. त्यांनी ह्याला बघितलं आणि पुढे गेली.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"उभा राहिलो, मामी."

मी असते तर ती काच फोडली असती. ह्याने वॉचमनला विचारून पाणी प्यायलं आणि पेणची गाडी धरली.

तो घरी बसला तेव्हा नणंदेने त्याला माझ्या गळ्यात घातला. तिला निमित्तही चांगलं मिळालं होतं. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं आता घरात बसून मूर्ती पसंत करतात. आजूबाजूच्या कारखान्यांचे फोटो मोबाइलवर दिसायला लागले आणि आमचं गिऱ्हाईक गळायला लागलं. नवरा आणि दीर गेल्यावर कारखाना मी आणि धाकटीने चालवला होता. साचे, माती, माल, व्यवहार माझ्याकडे, डोळ्यांची आखणी तिच्याकडे. गिऱ्हाईक तिचे डोळे बघून मूर्ती घेतं हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि सगळी कटकट त्यातच होती. ह्या आमच्या कटकटीत त्या नेभळटाने पुढे नाक खुपसलं, नाहीतर त्याच्यावर लिहायला मी बसलेच नसते.

त्याने वेबसाइट केली. गिऱ्हाइकाने बाहेरून मूर्ती बघायच्या, आम्ही आतून फोटो आणि भाव टाकायचे. आत जायला मात्र लॉगिन. मी, धाकटी आणि रंगकामाची सुगंधा, तिघींना त्याने बसवून शिकवलं. म्हणाला, "एकदा नाव आणि पासवर्ड दिला की सर्व्हर तुम्हाला एक टोकन देतो. पुढे प्रत्येक कामाला तुमचा फोन तेच दाखवतो. त्यावर सर्व्हरची सही असते, कोणी खाडाखोड केली तर लगेच पकडलं जातं. आणि त्याला मुदत असते."

"डॉक्टरकडे देतात तसं?"

"तसंच. मुदत गेली की पुन्हा रांगेत."

ही मुदत त्याने ठेवली पाव तास. का, तर सुरक्षित असतं. पाव तासात आमची मातीसुद्धा मळून होत नाही. हात धुवावे, पुसावे, फोन उचलावा, तर तो विचारणार तुम्ही कोण. मी त्याला म्हटलं, मी ह्या घरात आले तेव्हा तुझी आई परकरात होती, आणि तुझा फोन मला विचारतो मी कोण. तो म्हणाला, "फोनला ते माहीत नसतं, मामी." असं उत्तर देणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही.

शेवटी सुगंधाने पासवर्ड खांबावर लिहून टाकला. पितांबराच्या पिवळ्या रंगात, चांगला हातभर, चष्म्याशिवाय दिसेल असा. भाचा आला, त्या दिवशी नेमकी पाच-सहा गिऱ्हाइकं मूर्ती बघत फिरत होती. त्याचा चेहरा प्लास्टरसारखा झाला. खिशातला रुमाल काढून त्याने त्या अक्षरांवर धरला आणि गिऱ्हाइकं जाईपर्यंत तसाच धरून उभा राहिला. दुसरं काही त्याला सुचलं नाही. बायका हसून हसून खाली बसल्या. पुढच्या आठवड्यात त्याने पासवर्ड बदलले, आणि टोकन संध्याकाळपर्यंत आपलं आपण नवं होत राहील अशी सोय केली. मी विचारलं, हे आधी करता येत नव्हतं? "येत होतं," म्हणाला. "तुम्ही सांगितलं नव्हतं."

मग दुसरा घोळ. फोटो टाकता टाकता सुगंधाने ठाण्याच्या गिऱ्हाइकाने राखून ठेवलेली मूर्तीच वेबसाइटवरून पुसून टाकली. सुगंधा रडायला लागली. मी भाच्याला धरलं. त्याने खूप वेळ फोनमध्ये बघितलं आणि म्हणाला, "चूक माझी आहे. मी ओळख तपासली, परवानगी तपासायची राहिली. ही सुगंधा आहे एवढं बघितलं. सुगंधाला काय काय करता येतं ते बघितलंच नाही." जन्मभर परवानगी मागत फिरला आणि कामात नेमकी तीच विसरला. असा हा हुशार.

त्यानंतर तो आम्हाला एकेक करून विचारत बसला. मूर्ती बघायच्या कोणी, फोटो टाकायचे कोणी, भाव बदलायचा कोणी, काढून टाकायचं कोणी. बघणं वेगळं आणि हात लावणं वेगळं, हे त्याने मला असं सांगितलं की जणू खाडीपलीकडे नवीन गाव सापडलं.

"काढून टाकायचं फक्त मी," मी म्हटलं.

"माणूससुद्धा?"

"माणूस तर आधी."

ते बोलणं लवकरच कामाला आलं. धाकटी मुलीच्या बाळंतपणाला रोह्याला गेली. जावई धाटावला कंपनीत, शिफ्टची नोकरी, घरात बाळाला बघायला कोणी नाही, म्हणून राहिली. मीही काही बोलले नाही. पण गणपतीच्या आधी कळलं की तिने रोह्याच्या बाजारात स्वतःचा मांडव घातलाय. कच्च्या, बिनरंगाच्या मूर्ती दुसऱ्याकडून घेतल्या आणि डोळे स्वतः काढले. आमची रोहा-नागोठण्याची गिऱ्हाइकं, आमच्या घरात जेवून गेलेली माणसं, तिच्याकडे गेली. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. ती गिऱ्हाइकं गेली ती गेली. पण मुंबई-पुण्याच्या लोकांची नावं, फोन, भाव, सगळं त्या वेबसाइटमध्ये होतं आणि धाकटीच्या हातात अजून तिचं लॉगिन होतं. ती माणसं तिने ओढली असती तर मला साचे विकून घरी बसावं लागलं असतं.

मी भाच्याला बोलावलं. म्हटलं, हिचा हात आपल्या कशाला लागता कामा नये. काढ तिला.

"आत्ताच?"

"नाही, मुहूर्त बघू."

तो फोन घेऊन कोपऱ्यात बसला. धाकटीच्या ताटाशी बसून वाढलेला तो, मला वाटलं रडतोय की काय. बऱ्याच वेळाने उठला आणि म्हणाला, "आता धाकट्या मामींना कशालाच हात लावता येणार नाही." मला तेवढं पुरे होतं. धाकटीचं आणि माझं बोलणं बंदच झालेलं होतं.

पुढच्या वर्षी आखणीला पेणहून एक मुलगी ठेवली. फोटो सुगंधाच काढायची. फोटो आधी आतच राहतात, मी बटण दाबलं की मग गिऱ्हाइकाला दिसतात. मी कधी नीट बघून दाबत नसे. समोर मूर्ती असताना फोटो कोण बघतो? फोटो लांबचा माणूस बघतो.

एक दिवस सगळ्या नव्या मूर्तींचे फोटो टाकून झाले होते, दाबायचं तेवढं राहिलं होतं. फोन वाजला. रोह्याहून. मी हात पुसून उचलला.

"जाऊबाय, तुझे सगळे गणपती डाव्या हाताने आशीर्वाद देतायत."

वर्षभराने तिचा हा पहिला शब्द. मी म्हटलं, तुला काय करायचंय?

"सोंडा बघ. डाव्या होत्या त्या उजव्या झाल्यात. फोटो उलटे हायत. लोकांना दाखवलेस नाय ना अजून?"

सुगंधाला विचारलं. फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर वॉर्निश सांडून वाळलं होतं, म्हणून तिने पुढच्या कॅमेऱ्याने, आपलं तोंड बघतात त्याने, फोटो काढले होते. आरशासारखे सगळे उलटे. उजव्या सोंडेचा गणपती कडक, साधी माणसं तो घरात आणायला घाबरतात. त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली असती. आणि ज्यांना उजवाच पाहिजे त्यांनी मागवला असता, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी त्यांच्या हातात डावा पडला असता. त्या वर्षी कारखान्याचं नाव बुडालं असतं.

पण मला ते सगळं नंतर सुचलं. आधी सुचलं ते दुसरंच. "तू गो कुठं बघितलेस?" मी विचारलं. "मी अजून दाखवले नाहीत ते."

मागे बाळ किरकिरत होतं.

"मी रोज बघते," ती म्हणाली. आणि मग, "डोळे कोण काढतंय?"

"का?"

"काय नाय." आणि फोन ठेवला.

मी भाच्याला निरोप धाडला. आला. जाळीपाशी चपला काढून उभा. "येऊ?"

"नको येऊस. तिथूनच बोल. धाकटीला काढली म्हणाला होतास."

"हात लावता येणार नाही म्हणालो होतो, मामी. तुम्ही तेच सांगितलं होतं. नुसतं बघण्यापुरतं ठेवलं."

"गिऱ्हाइकांची नावं?"

"दिसत नाहीत. फोन नाही, भाव नाही. फक्त मूर्ती दिसतात."

"कोणाला विचारून ठेवलंस?"

तो चपलांकडे बघत राहिला. "कोणालाच नाही विचारलं," म्हणाला.

पडलेला आंबा विचारून उचलणारा माणूस. जन्मात एक गोष्ट न विचारता केली, ती माझ्या कारखान्यात, माझ्या पाठीमागे. मी त्याला बोलायचं ते सगळं बोलले. बायकांनी ब्रश खाली ठेवले. लबाड म्हटलं, खाल्लेल्या आंब्यांना जागलास म्हटलं, कंपनीने काढला ते बरोबरच केलं म्हटलं. तो ऐकून घेत होता. अंगावर पाऊस घेत उभ्या असलेल्या गुरासारखा. माझं संपल्यावर म्हणाला, "फोटो पुन्हा काढून द्यायला थांबू का?" मी उत्तर दिलं नाही. तो आत आला, कपड्याने कॅमेऱ्याची काच घासली आणि एकेक मूर्ती उजेडाला लावून सगळे फोटो काढले. काचेवरचं वॉर्निश काढायला रॉकेल मागतानासुद्धा विचारलं, घेऊ का म्हणून.

पुढे त्याला हैदराबादला नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी आला. त्याने विचारायच्या आधीच मी "ये" म्हटलं, तर बावरला. जाळीपाशीच अडखळला. चहा घेतला, पेला स्वतः विसळला, आणि माझा फोन मागून घेऊन त्यातलं एक बटण दाखवलं.

"हे फक्त तुमच्या टोकनवर दिसतं, मामी. इथे दाबलं की धाकट्या मामी पूर्ण जातील. बघणंही बंद. मी जायच्या आधी दाबून देऊ?"

"माझं मी बघेन," मी म्हटलं. "आता हात मातीचे आहेत."

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग उठला. "जाऊ का?"

"जा की मेल्या. तेही मीच सांगू?"

गेला. गणपतीला फोन करतो, चांगली वेळ आहे का विचारतो आणि ठेवून देतो. नेभळट तो नेभळटच, त्यात हैदराबादने काही फरक पडलेला नाही.

फोटो आता मागच्या कॅमेऱ्याने निघतात. ते मी लगेच बाहेर दाखवत नाही, एक दिवस आत ठेवते. सुगंधा कारण विचारते, मी सांगत नाही. कधीतरी दुपारी रोह्याहून फोन येतो. "लालबागवाल्या साच्याचा डावा डोळा खाली आलाय," एवढंच, आणि बंद. मी त्या मुलीला डोळा पुसून पुन्हा काढायला लावते. मुलगी म्हणते, आजी, तुमची नजर अजून तेज हाय. मी माती मळायला घेते.

ते बटण आहे तिथंच आहे. माझे हात मातीचेच असतात.