पाणी हललं नाही

दुपारचं जेवण झालंय, पंखा फिरतोय, डोळे मिटतायत न मिटतायत तोच ओट्यापाशी हेरंब उभा. माझा नवरा. जाऊन वर्ष होत आलं, तरी स्वारी स्टीलचा पेला काठोकाठ भरतेय.

"वृंदा, जरा चल. लिफ्ट बघ."

"मेल्यावरही लिफ्टच का रे?" मी फणकारते. आणि त्याच्या मागोमाग जातेही.

स्वयंपाकघराचं दार सरकतं, आत लिफ्ट आहे. तो पेला खाली ठेवतो. त्याच्या लिफ्टच्या कारखान्यातली ही रीतच होती: नवी लिफ्ट पास करायची तर भरला पेला ठेवून वरखाली न्यायची, थेंब सांडता कामा नये. लिफ्ट निघते. पाणी ढिम्म हलत नाही.

"बघितलंस?" तो खुशीत येतो. "जुन्या सर्किटला हे जमायचं नाही. ही चिप मोटरचा वेग सेकंदाला हजारो वेळा मोजते. धक्का जाणवायच्या आत सावरते."

"आणि तुझ्या छातीतली कळ? ती कोणी मोजली?"

तो पाण्याकडेच बघत राहतो. "प्रत्येक बारीकसारीक सिग्नलला उत्तर देत बसलं तर मोटर नुसती थरथरते गं. गोंगाट गाळावा लागतो."

"गोंगाट? त्या सकाळी छाती दाबून मटकन खाली बसलास. ॲसिडिटी आहे म्हणालास, गोळी चघळलीस आणि कामावर गेलास!"

दार उघडतं. बाहेर हॉस्पिटलचा पॅसेज, आणि त्यात आमचं जेवायचं टेबल. त्याचं ताट झाकून ठेवलंय.

"खरं सांग. कळलं होतं ना तुला?"

"कळलं होतं."

"मग?"

"गिऱ्हाईक लिफ्ट बघायला येणार होतं, वृंदा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. "जळो मेली ती लिफ्ट!" म्हणत मी पेल्याला लाथ मारते. पाणी सगळीकडे पसरतं, माझा पाय भिजतो. हेरंब घाईघाईने गुडघे टेकतो आणि रुमालाने लिफ्टची फरशी पुसायला लागतो.

"पास झाली होती गं ती," तो पुटपुटतो. मान वर करत नाही.

मला जाग येते. पंखा फिरतोय. मी उठून बसते, खाली वाकून बघते. पलंगाजवळची फरशी कोरडी ठणठणीत आहे. माझं उजवं पाऊल मात्र घोट्यापर्यंत ओलं आहे. लिफ्टची फरशी पुसताना तिकडे त्याचं लक्षच गेलं नाही.