ठिगळाचा माळ

चष्मा कपाळावर ढकलायचा, नाक कॉम्प्युटरला टेकेपर्यंत वाकायचं आणि म्हणायचं, "ठिगळं लई, तिथं वाण लई!" लातूरच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा हा मंत्र. मी रसायनवाला. पण माझ्याकडे मोटारसायकल होती, म्हणून त्यांच्या संशोधनात ओढला गेलो.

पडद्यावर उपग्रहानं काढलेलं आपल्याच भागाचं चित्र असायचं. सोयाबीनची रानं म्हणजे सपाट, एकरंगी. मध्ये बांध, ओढा, बोरी-बाभळीचं बेट आलं की चित्र वाकळीसारखं ठिगळाठिगळांचं दिसे. अशा जागी जाऊन बाई जमिनीवर दोरीचा चौकोन टाकत आणि आतलं गवत न् गवत ओळखत बसत. ठिगळं जास्त तिथं वनस्पतींचे वाणही जास्त, हे त्यांना दाखवायचं होतं. वरूनच कळलं तर नांगर लागायच्या आत जागा वाचवता येईल, एवढीच आस.

निलंग्याकडच्या एका गावाच्या गायरानात त्यांचा जीव अडकलेला. सगळ्या चित्रात तेवढा माळ ठिगळांनी भरलेला.

"आणखी एक पावसाळा बघते, सर. मग ग्रामसभेत हे चित्रच लावते. माळ राखायलाच लावते."

माळाच्या कडेला राहणाऱ्या आजीनं एकदा विचारलं, "वरून आमची चूल दिसती का वं बाई?"

"न्हाई, आजी. बाभळी दिसत्यात."

"मग काय कामाचं!"

बाई इतक्या हसल्या की डब्यातली भाजी सांडली. पुढच्या वर्षी तेच चौकोन सापडावेत म्हणून त्याच दिवशी त्यांनी कोपऱ्यांवर दगड रोवले आणि चुना फासला. मोठ्या हौसेनं. पदरालासुद्धा चुना लागला होता.

उन्हाळा परीक्षांत गेला. पावसाळ्यात ढगांमुळं चित्र मिळत नाही. दसऱ्याच्या सुमारास आभाळ निवळलं, आणि पडद्यावर माळ सपाट.

"चित्र चुकलंय," बाई म्हणाल्या. "चला, सर."

चित्र चुकलं नव्हतं. माळभर कापलेल्या सोयाबीनची खुटं. आजी लगबगीनं आली.

"तुमचेच उपकार, बाई! तुम्ही सरकारी मोजणीचा चुना मारला म्हणून समद्यांना कळलं, गायरान वाटणार. ज्याची वहिती त्याचं रान हुणार म्हणले. उन्हाळ्यातच ट्रॅक्टर घातला बघा. जलमात पयल्यांदा आमचं म्हणून रान हाय!"

कसली मोजणी न् कसलं काय! मला संताप आला, पण त्या म्हातारीवर कसा काढायचा, तुम्हीच सांगा. तिनं सुनेला हाक मारली. सुनेनं बाईंना पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटी भरली, त्याच रानातल्या पहिल्या सोयाबीननं. बाईंनी पदर पसरला. तो तसाच धरून त्या गाडीवर बसल्या.

औशाजवळ मागून आवाज आला, "सिद्ध झालं, सर. ठिगळ गेलं, वाण गेले."

मी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर मलाच रडू फुटलं असतं.

नंतर बाईंनी ते चित्र कधी उघडलं नाही. निवृत्त होऊन नांदेडला मुलीकडे गेल्या. दर दसऱ्याला फोन मात्र यायचा.

"आभाळ निवळलं का हो तिकडं?"

"निवळलं, बाई."

"बरं," म्हणून ठेवून द्यायच्या. माळाचं नाव त्यांनीही काढलं नाही, मीही नाही.

यंदा श्रावणात बाई गेल्या. दसऱ्याला आभाळ लख्ख निवळलं. मी चष्मा कपाळावर ढकलला, चित्र उघडलं आणि दुपारभर शोधत बसलो. तो माळ नेमका कुठं होता, ते मला सापडलंच नाही.