कुंडलिकेवरचं प्रशिक्षण

मी किंचाळले, तिथून हे सगळं सुरू झालं. आम्ही शाळेतले सगळे शिक्षक माणगावहून कोलाडला राफ्टिंगला गेलो होतो. पहिल्याच लाटेला मी शेजारच्या भूगोलाच्या सरांच्या गळ्यात अशी काही पडले की त्यांचा चष्मा कुंडलिका नदीला अर्पण झाला. काठावरच्या फोटोवाल्याने व्हिडिओ काढला होता. सोमवारी तो स्टाफरूममध्ये आला, मंगळवारी शिपाईमामांच्या मोबाइलवर, आणि बुधवारी नववी ब मध्ये. मी गणित शिकवते. त्या आठवड्यात मी फळ्याकडे वळले की मागून बारीक आवाजात कोणीतरी "आई गंऽऽ" म्हणायचं, आणि मी वळून पाहिलं की सत्तावन्न निरागस चेहरे.

पण मला वेगळंच काहीतरी खुपत होतं. आमच्या राफ्टच्या सोबतीला एक चिंचोळी लाल होडी होती, एकाच माणसाची. कयाक म्हणतात तिला. ज्या लाटेत मी सगळे देव आठवत होते, त्याच लाटेत ती होडी झोपाळ्यावर बसल्यासारखी डुलत होती. मी त्रेचाळीस वर्षांची होते, आणि मला ती होडी हवी होती.

घरी सांगितलं, "दर रविवारी कोलाडला प्रशिक्षण आहे." शिक्षकांना कसलीही प्रशिक्षणं असतात, त्यामुळे कोणी चौकशी करत नाही. नवऱ्याने फक्त विचारलं, "जेवण देतात का?" सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही.

पहिल्या रविवारी नदीवर पोहोचले. शिकवणारी मुलगी पाठमोरी होती. हेल्मेट काढून वळली आणि म्हणाली, "बाई, ओळखलंत का?"

ओळखलं. माझीच जुनी विद्यार्थिनी, लांबच्या गावातून रोज चालत शाळेत यायची. सतराचा पाढा येत नाही म्हणून मी तिला अख्खा तास वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता ती सव्वीस वर्षांची होती, तिचे खांदे माझ्या दुप्पट होते, आणि मी तिच्या ताब्यात होते.

"तुझ्या लक्षात आहे का गं ते?" मी विचारलं.

"न्हाय बाई, काय पण," ती म्हणाली आणि जरा जास्तच गोड हसली.

आधी संथ पाण्यात शिकायचं होतं. कमरेला एक रबरी घागरा घालतात आणि त्याची कड होडीच्या तोंडावर ताणून बसवतात, म्हणजे आत पाणी शिरत नाही. पण होडी उलटली की आपणही तिच्यासकट खाली डोकं वर पाय. बाहेर पडायचं तर घागऱ्याची पट्टी ओढायची. "घाबरून लगेच ओढायची न्हाय," ती म्हणाली. "खाली थोडं थांबायचं. मनात कायतरी मोजायचं."

"काय मोजू?"

"सतराचा पाढा म्हणा ना, बाई."

मी तिच्याकडे पाहिलं. चेहरा अगदी सरळ. तिने होडी उलटवली. नाकात पाणी, कानात पाणी, सगळीकडे हिरवा अंधार. मी "सतरा एके" म्हटलं आणि पट्टी ओढली. वर आले तेव्हा ती विचारत होती, "कुठपर्यंत?" मी खोकत सांगितलं. "परत," ती म्हणाली. त्या दिवशी मी "सतरा त्रिक एक्कावन्न" पर्यंत पोहोचले. गंमत अशी की त्या मोजण्याने खरोखरच भीती थोडी मागे सरकायची. डोक्याला काम दिलं की ते आरडाओरडा करत नाही. वर्गात हे मी वीस वर्षं सांगत होते, मला स्वतःला ते पाण्याखाली कळलं.

मग उलटलेली होडी न सोडता परत सुलटी करायची विद्या. वल्ह्याने पाण्याचा टेकू घ्यायचा, कमरेने झटका द्यायचा, आणि डोकं सगळ्यात शेवटी वर काढायचं. मी आधी डोकंच वर काढायला बघायची आणि होडी मला परत खाली न्यायची. "बाई, तुमचं डोकं लई पुढं पुढं करतं," ती म्हणाली. हे मला शाळेत कोणी बोलू शकलं नसतं. पाच रविवार गेले. सहाव्याला होडी सुलटी झाली आणि मी वर होते. मला वाटलं तिने हात लावला. तिने लांबूनच दोन्ही हात वर करून दाखवले.

त्यानंतर वाहतं पाणी. इथे विजेसाठी धरणातून सकाळी पाणी सोडतात, तेव्हा नदी जागी होते. खडकामागे मात्र पाणी थांबलेलं असतं, तिथे विसावा मिळतो. तिथून प्रवाहात शिरताना प्रवाह जिकडे जातो तिकडे झुकायचं, वळणावर स्कूटर झुकवतो तसं. मी भीतीने नेमकी उलट्या बाजूला झुकायची आणि क्षणात गडप. एकदा होडी सोडून वाहत जाताना माझ्या शेजारून पर्यटकांचा राफ्ट गेला. त्यातल्या एका बाईने माझ्याकडे बघून किंकाळी फोडली. मी तिला हात केला.

त्याच दिवशी घात झाला. कोलाडच्या एका नातेवाइकाने पुलावरून मला पाहिलं आणि सासूबाईंना फोन केला. मला याचा पत्ताच नव्हता. त्या दोन आठवडे काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी मी निघाले तर त्या नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात उभ्या.

"आई, तुम्ही कुठे?"

"तुझ्या परशिक्षणाला. म्या पन थोडं शिकून घेते."

बसमध्ये मी दोन तिकिटं काढली. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि मधूनच त्यांचे खांदे हलत होते.

नदीवर त्या एका मोठ्या दगडावर बसल्या, समोरच सगळ्यात दांडगी लाट. मी वरून निघाले. ती मुलगी, म्हणजे माझी गुरू, पुढे होती. पहिल्या दोन लाटा मी झकास पार केल्या, आणि मग दगडावरच्या लुगड्याकडे बघायचा मोह झाला. होडी उलटली.

खाली तोच हिरवा गोंधळ, पण आता तो ओळखीचा होता. हात पट्टीकडे गेला. मी तो परत वल्ह्यावर आणला. वल्हं पाण्यावर आलंय याची खात्री करून घेतली, कंबर फिरवली, डोकं शेवटी. वर आले, तोंडावर लाट बसली, पण मी बसलेलीच होते. काठावर कोणीतरी शिट्टी मारली. नंतर कळलं, ती सासूबाईंनी मारली होती. दोन बोटं तोंडात घालून. शेतात असताना गुरं वळवायला शिकल्या होत्या म्हणे.

काठाला लागल्यावर त्यांनी माझ्या गुरूला जवळ बोलावलं. "पोरी, हिला अजून जरा वेळ खाली ठेवता येत न्हाय का? घरात तेवढीच शांतता." मग पिशवीतून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी काढून तिघींत वाटली. मला हळूच म्हणाल्या, "पोराला सांगू नको. त्यो लई भित्रा हाय." त्यांचा पोरगा म्हणजे माझा नवरा.

यंदाचा उन्हाळा आला तेव्हा माझी गुरू एकदा आम्ही पाण्यात उतरतो तिथेच थांबली. आतापर्यंत मी नेहमी तिच्या मागे, तिची वाट गिरवत जायची.

"आज तुम्ही पुढं," ती म्हणाली.

"मला वाट माहीत नाही."

"बघा ना पाण्याकडं. सांगतंय की."

मी पाहिलं. दोन खडकांमधून गुळगुळीत जिभेसारखं पाणी खाली उतरत होतं. तिथून जायचं ठरवलं. पुढे एका ठिकाणी चुकले, डाव्या खडकाला होडी घासली आणि ओरखड्याचा खर्रकन आवाज आला. मागे वळून पाहिलं नाही. ती हसतेय हे पाठीला कळत होतं. मी वल्हं मारलं, झुकले, आणि पुढच्या लाटेवर चढले.