राजीनामा दिलेला सर्वांत सुखी माणूस

भाईंदर पूर्वेच्या एका स्टील डब्यांच्या कारखान्यात नाथा म्हात्रे एकतीस वर्षं डिस्पॅचला होते. मूळचे राई गावचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. चार वर्षांपूर्वी त्यांनी राजीनामा दिला. घरामागच्या तुकड्यात बायको शालन भाजी लावायची, तिला हातभार लावायचा होता. मॅनेजरने कागद फायलीत ठेवला आणि पुढच्याच आठवड्यात तो स्वतः नोकरी सोडून गेला. नवा कोणी आलाच नाही. मोकळं केल्याचं पत्र हातात पडल्याशिवाय निघायचं कसं, म्हणून नाथाकाका येत राहिले.

यंदा मालक जितेंद्रभाईंना कोणीतरी सांगितलं की माणसं टिकत नसतील तर त्यांचं मन मोजायला हवं. मग मोबाइलवर साठ प्रश्नांचा सर्वे आला. नाव गुप्त राहणार होतं. निकाल लागला: एकशे ब्याऐंशी माणसांचं मन कामात सरासरी एक्केचाळीस टक्के. एकाचं मात्र शंभर. हा कोण, हे शोधायला एचआरच्या समीक्षाला पाच मिनिटं लागली, कारण ‘दोन वर्षांत कंपनी सोडाल का?’ या प्रश्नाखाली एकानेच मराठीत लिहिलं होतं, ‘सोडली आहे,’ आणि ते वाचून दाखवताच डिस्पॅचचे सगळे हसून नाथाकाकांकडे बघायला लागले.

समीक्षा सिल्व्हर पार्कला राहायची, नोकरीला लागून तिला सहा महिने झाले होते. तिने काकांना बोलावून चहा पाजला आणि विचारलं, की तुम्ही इतके खूश कसे.

“राजीनामा दिलेला हाय ना,” काका म्हणाले. “आता बढतीची वाट बघायची न्हाय, सायबाचं टेन्शन न्हाय. काम तेवढं करायचं.”

तिने जुनी फाइल काढली. कागद खरोखरच तिथे होता. ती धावत जितेंद्रभाईंकडे गेली, की काकांना आजच मोकळं करूया. भाईंनी कागद दोनदा वाचला आणि भलतंच काहीतरी त्यांच्या डोक्यात शिरलं.

“बेन, दवा मळी गई, औषध सापडलं,” ते म्हणाले. “सगळ्यांकडून राजीनामा घ्या. मंजूर कोणाचाच करायचा नाही.”

समीक्षाने समजावून पाहिलं, पण शेवटी तिनेच नमुना छापला. दोन दिवसांत एकशे एक्क्याऐंशी राजीनामे जमले. सुरुवातीला लोक घाबरले. मग वेल्डिंगच्या रोशनने पहिल्यांदाच फोरमनला ‘हे माप चुकलंय’ असं सरळ सांगितलं, आणि माप खरंच चुकलेलं निघालं. पॅकिंगच्या बायका गाणी म्हणायला लागल्या. महिन्याने पुन्हा सर्वे झाला. अठ्ठ्याऐंशी टक्के. शिवाय महिनाभरात एकही माणूस गेला नव्हता. ज्यांना जायचं होतं त्यांचाही राजीनामा आधीच दिलेला, मग पुन्हा द्यायचा काय?

घात झाला तो समीक्षा बहिणीच्या लग्नाला रजेवर गेली तेव्हा. तिच्या जागी बसवलेला प्रणय फार व्यवस्थित मुलगा होता. पेंडिंग काम त्याला बघवत नसे. राजीनाम्यांचा गठ्ठा दिसल्यावर त्याने एकाच दुपारी सगळ्यांवर मंजुरीचा शिक्का मारला, पत्रं काढली, वाटली आणि सहाला घरी गेला. नाथाकाकांचा जुना कागदही त्यातच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पत्र म्हणजे भाईंचाच आणखी एक उपाय असेल असं समजून, सगळे नेहमीसारखे गेटवर हजर. पण यादीत आता कोणाचंच नाव नव्हतं, म्हणून वॉचमन आत सोडेना. नव्याने भरतीचे फॉर्म भरून घेता घेता दुपार झाली. प्रणयचा स्वतःचा राजीनामाही मंजूर झाला होता, त्यामुळे तोही रांगेत होता. त्या महिन्याच्या तक्त्यात टिकलेली माणसं शून्य निघाली. जितेंद्रभाई तो तक्ता बराच वेळ उलटा धरून बघत होते.

रांगेत नाथाकाका नव्हते.

परतल्यावर समीक्षा नोकरी सोडणाऱ्याकडून भरून घ्यायचा निरोपाचा फॉर्म घेऊन राईला गेली. काका अळवाच्या वाफ्यात पाइप धरून उभे होते. कोणत्या गोष्टीमुळे तुम्ही थांबला असता, असा शेवटचा प्रश्न होता. काकांनी पाइप पुढच्या वाफ्यात सोडला.

“आता पत्र मिळालंय पोरी,” ते हळू म्हणाले. “थांबलो तर बरं दिसन का?”

तिने रकाना कोरा सोडला. शालनने तिला अळूची जुडी बांधून दिली आणि जाताना नळ बंद करायला सांगितला.