सूनबाईची डिस्क आणि माझा मेनस्विच

माझी शाळा चौथीपर्यंतची. पण छापलेलं वाचायला मले कोणाची गरज पडत नाई. म्हणूनच सूनबाईनं क्लासवाल्यांचे मराठीत छापलेले सरावाचे कागद माझ्याच हातात दिले. चंद्रपूरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची जागा होती. लिनक्सची परीक्षा पास झाली तर जागा तिची, नाईतर दुसऱ्या कोणाची. दुपारी मी एकेक काम वाचायचं, तिनं घड्याळ लावून ते करायचं, असं ठरलं.

मी वाचलं, "नवीन वापरकर्ता तयार करा." तिनं काही टाइप केलं.

"झाला."

"कुठी हाये?"

"आतमधी."

मी कॉम्प्युटरच्या डब्ब्याकडे पाहत राह्यलो. मग आले फाईलीचे हक्क. मालकाला पूर्ण, गटाला थोडे, बाकीच्यांना काहीच नाई. हे तेवढं समजलं. आमच्या जंगलात बांबू तोडायच्या हक्काचं तसंच आहे. पण पुढं "डिस्क जोडा" आलं अन् मी पुन्हा घोळात. डब्बा तसाच, वायर तशीच, अन् ही म्हणते जोडली!

तेवढ्यात आभाळ गरजलं. वीज पडून माझा एक बैल गेला, तेव्हापासून गरजलं की मी मेनस्विच खाली ओढतो. कोणाला विचारत नाई. त्या दुपारीही ओढला.

"मामाजी! काऊन बंद केलं जी? दोन घंट्याचं काम होतं!"

"वीज पडली तं तुह्या डब्ब्याचा कोळसा होईन."

आभाळ मोकळं झाल्यावर स्विच वर केला. वापरकर्ता जागेवर, हक्क जागेवर, डिस्क गायब.

"पाहा, घालवली तुमी!"

माफी मागणं मले जमत नाई. मी म्हणालो, "मी स्विच एकच ओढला. मंग दोन राह्यले अन् एकच गेलं, असं काऊन?"

तिनं एक फाईल उघडून वरपासून खालपर्यंत पाह्यली. मग हळूच म्हणाली, "डिस्क म्या तेवढ्यापुरती जोडली होती. सुरू होताना मशीन जी फाईल वाचते, तिच्यात लिवलीच नाई."

माझ्या हातातला कागद ओढून तिनं तळाची ओळ दाखवली : तपासणीआधी मशीन पुन्हा सुरू केली जाईल. ती ओळ रोज माझ्या नजरेखालून जायची. तिला नंबर नव्हता, म्हणून मी कधी वाचलीच नाई. हे मी तिला आजवर सांगितलेलं नाई.

दुसऱ्या दिवसापासून सराव झाला की ती मशीन बंद करून पुन्हा सुरू करायची, अन् मी काय राह्यलं, काय गेलं ते विचारायचो.

परीक्षा नागपूरला होती. संध्याकाळी फोन आला.

"मामाजी, शेवटी मशीन बंद-चालू करून पाह्यली. डिस्क नव्हती."

"मंग?"

"घाईत लिवाचीच राह्यली होती. लिवली. पुन्हा पाह्यलं, तं होती."

"वेळ उरला होता?"

"पाच मिनिटं."

आता ती सकाळच्या बसनं चंद्रपूरला जाते. डब्बा घरीच आहे. परवा एकटा होतो, तर वाकून त्याच्या मागच्या बाजूला चांगलं पाहून घेतलं. ती डिस्क जोडते म्हणजे नेमकं कुठं जोडते, ते मले अजून दिसलं नाई.