फुलसिंग नानांची सावळी

फुलसिंग नाना माझ्याशी बोलताना कधी माझ्या तोंडाकडं बघत नसत, आभाळाकडं बघत. सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावरच्या शाळेत माझी बदली झाली आणि मी त्यांच्या घरातली एक खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी मला राग आला. हा म्हातारा माझ्याशी बोलतोय की ढगांशी? मग कळलं, वर त्यांची शर्यतीची कबुतरं असतात. लांब नेऊन सोडायची आणि कुणाचं कबूतर आधी घर गाठतं ते बघायचं, हा त्यांचा नाद.

नाना जागेवर म्हणून ठरत नसत. जेवण उभ्यानं, चहा शिडीवर. माझ्या डोक्यावरचे पत्रे दिवसभर त्यांच्या पायांनी वाजत आणि माझ्या वह्या तपासायच्या राहत. नानी सांगायची, आमच्या लग्नातसुद्धा हा माणूस मधेच उठून कबुतरांच्या ढाबळीत जाऊन आला होता. नाना यावर एकच बोलायचे, “पाखरू वर असल्यावर बूड कसं टेकंल?”

त्यांची लाडकी मादी सावळी. ती हमखास यायची, पण उशिरा. वाटेत धरण लागायचं आणि ती भिंतीच्या कडेनं मोठा वळसा घ्यायची. “पाखरं पाण्याला लई भितात, बाई. थकलं तर पाय टेकाया जागा न्हाई ना,” नाना म्हणायचे. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या एका गड्याच्या पक्ष्याला मात्र वाटेत पाणीच नव्हतं. तो दर वेळी आधी पोचायचा आणि नानांचा जळफळाट व्हायचा.

यंदाच्या मोठ्या शर्यतीआधी सावळीनं अंडी घातली. नानांनी ती उन्हाकडं धरून पाहिली, दोन्ही वांझ, आत पिल्लू नव्हतंच. तरी सावळी आणि तिचा नर आळीपाळीनं त्यांवर बसत होते. तिथंच नानांच्या डोक्यात काहीतरी शिजलं. त्यांनी एका अंड्याला भोक पाडून ते रिकामं केलं, आत जिवंत भुंगा सोडला, भोक मेणानं बुजवलं आणि अंडं सावळीच्या पोटाखाली सरकवलं. आत खुडबुड झाली की मादीला वाटतं, पिल्लू आता बाहेर येतंय. मग ती घरी यायला जिवाचं रान करते. काय इरसाल माणूस, म्हणून मी हसले. सावळी मान वाकडी करून ऐकत बसली होती. सकाळी शर्यतीला धाडण्यासाठी तिला उठवताना तिनं नानांचा हात चोचीनं फोडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नगरच्या बाजूनं पक्षी सोडल्याचा फोन आला. दुपारी उलटा वारा सुटला. नाना पत्र्यावर येरझारा घालत राहिले. गोरेगावचा पक्षी पोचल्याचा मेसेज आला, सावळीचा पत्ता नाही. दिवस कलताना धरणावरचा एक मासेमारी करणारा माणूस आला. सावळीसारखंच एक निळसर कबूतर त्यानं पाहिलं होतं. ते भिंतीकडं वळलंच नाही, सरळ पाण्यावरून आलं, मधोमध खाली खाली येत गेलं आणि दिसेनासं झालं.

पुढचे काही दिवस नाना काठाकाठानं हिंडले, नावेतून हिंडले. शाळा सुटल्यावर मीही जायची. त्यांना थांबा म्हणायची माझी हिंमत नव्हती.

“पाणी तिनं कधीच ओलांडलं न्हाई, बाई,” ते एकदा म्हणाले. “मी तिला खोटं बोललो.”

घरी नर एकटाच त्या अंड्यांवर बसून होता, दाण्यालाही उठत नव्हता. मला बघवेना. मी म्हटलं, नाना, काढा ती अंडी, मुक्या जिवाला कशाला आशेला लावता? त्यांनी दोन्ही अंडी काढली. मग शेजारच्या घरट्यातलं, पिल्लानं आतून टोचून कवचाला तडा गेलेलं एक खरं अंडं उचललं आणि हळूच नराखाली ठेवलं. मी विचारलं, आता हे कशाला?

“तिला सांगितलं व्हतं ना मी, लेकरू येऊन राहिलं म्हणून,” नाना म्हणाले. “आता आणावं लागंल.”