सर्व हक्क अण्णांचे

न विचारता घेऊ नये अशी जगात एकच वस्तू आहे, ती म्हणजे दुसऱ्याचं वाक्य, असं मानणारा माणूस अख्ख्या बेंगळुरूत एकच आहे आणि नेमका तोच माझा घरमालक आहे. मूळचे निपाणीचे, पण चाळीस वर्षं मल्लेश्वरममध्ये मुरलेले. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही. राजाजीनगरच्या एका छापखान्यात त्यांनी जन्मभर प्रुफं तपासली. आता निवृत्त आहेत, पण खिशात लाल पेन अजून असतंच.

अण्णा जे जे लिहितात त्याच्या खाली 'सर्व हक्क स्वाधीन' असं टाकतात. अगदी दूधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा. 'उद्या अर्धा लिटर जास्त' यात कसले आलेत हक्क, कपाळ! गेटवर त्यांनी स्वतः रचलेली कन्नड पाटी आहे: 'येणाऱ्याने गेट लावावं, जाणाऱ्यानेही लावावं, नुसतं बघणाऱ्याने पुढे जावं.' समोरच्या घराने ती जशीच्या तशी उचलली, तेव्हा अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्याकडे गेले. भांडण नाही, चढा आवाज नाही. कॉफी प्यायले आणि परवानगीचं पत्र स्वतःच लिहून देऊन आले. आज त्या पाटीखाली बारीक अक्षरात 'मूळ लेखक: समोरचे अण्णा' असं लिहिलेलं आहे. मी हसले, तर म्हणाले, "हसालीस काय? दोन दिवस लागलेत ते वाक्य सुचायला."

चार महिने घरी बसल्यावर मला एका कंपनीत लिहिण्याची नोकरी लागली. करारपत्र मोबाईलवर आलं. खाली सहीसाठी एक बटण. मी ते दाबणार, इतक्यात कुंड्यांना पाणी घालणारे अण्णा ओरडले, "स्वल्प थांब गं! वाचलीस काय?" आता असली पत्रं कोण वाचतं हो? पण त्यांनी चौदाच्या चौदा पानं मला छापून आणायला लावली आणि पायरीवर बसून लाल पेनाने तपासायला घेतली. एकवीस चुका काढल्या आणि अकराव्या पानावर थबकले. नोकरीत असेपर्यंत मी कुठेही, कधीही, काहीही लिहिलं तरी ते कंपनीच्या मालकीचं, असं तिथे होतं.

"म्हणजे तुझी कादंबरी पण गेली की!" अण्णा म्हणाले. अर्धी लिहून झालेली ती कादंबरी मी दर रविवारी त्यांनाच तर वाचून दाखवायची. कलम बदला म्हटलं आणि कंपनीने नोकरीच काढून घेतली तर? "जाऊ दे ना अण्णा, कोण बघायला येतंय?" मी म्हटलं.

"मीपण असंच म्हणालो होतो," अण्णा म्हणाले आणि आत निघून गेले.

मग त्यांच्या बायकोने, अक्कांनी, सगळं सांगितलं. छापखान्याचा मालक बेळगाव-निपाणीकडे खपणारं मराठी कॅलेंडर काढायचा. पानांच्या मागच्या गोष्टी बावीस वर्षं अण्णांनी लिहिल्या. नाव कुठेच नाही. नोकरीला लागताना न वाचता सही केलेल्या कागदाने सगळं मालकाचं झालं होतं. माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर याच कॅलेंडरची पानं अंथरलेली आहेत. त्यातली चष्मा चोरणाऱ्या कावळ्याची गोष्ट मी डबे काढता-ठेवताना शंभरदा वाचली होती. एकदा अण्णांनाच विचारलंही होतं, "काय भारी आहे ही! कुणी लिहिलीय हो?" तेव्हा ते "असेल कुणीतरी" म्हणून सटकले होते.

त्याच दिवशी मी कंपनीला मेल टाकला. दोन दिवस उत्तर नाही आणि अण्णा तासातासाला दारात. तिसऱ्या दिवशी कंपनीतल्या एका बाईंचं उत्तर आलं: कामासाठी लिहाल तेवढं आमचं, बाकी तुमचं, तसा बदल केलाय. बस्स, एवढंच! मी नाचायचीच बाकी होते. अण्णा फक्त "सरी", म्हणजे कन्नडमधलं 'बरं', एवढंच म्हणाले, पण दोन्ही डोळे भरून आले होते त्यांचे.

कामावर रुजू व्हायच्या सकाळी मी फळीवरचे डबे खाली काढले. कावळ्याच्या गोष्टीखाली अण्णांचं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली 'सर्व हक्क स्वाधीन', आणि त्यांना हाक मारली. अण्णांनी चष्मा लावून ते पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. सवयीने लाल पेन बाहेर काढलं, पण खूण कुठेच केली नाही.

"हे माझं नाव टाकायच्या आधी विचारायला हवं होतंस मला," ते म्हणाले, आणि ते पान फळीवरून अलगद सोडवून घरी घेऊन गेले.